तिकीट कापू नका, पाकीट जपा

टपाल तिकिटे जमविणे हा राजेरजवाड्यांचा छंद, असे पूर्वापार म्हटले जाते. ब्रिटनचा राजा पंचम जॉर्ज स्वतः मोठा संग्राहक होता, त्यामुळे या म्हणण्याला बळही मिळाले. ज्यांच्या घरी टपालवाला आला की काळजात धस्स व्हायचे, कारण पत्र म्हणजे मयताची खबर नाहीतर सावकाराची नोटीस, त्या समाजाने तिकिटे कशाला जमवावीत, असे कोणी विचारले तर त्याला रागावण्याचे कारण नाही. तरीही यवतमाळ, पुसद, उमरखेड, वणी, पांढरकवडा या भागात आम्ही फिरतो तेव्हा एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या, एसटीतल्या वाहकाच्या किंवा टपाल खात्यात नोकरी केलेल्या एखाद्या समाजबांधवाच्या कपाटातून जुनी वही निघते. तिच्या पानापानावर तिकिटे चिकटवलेली असतात आणि ती दाखवताना त्या माणसाचा चेहरा खुलतो. हा आनंद काय आहे, त्याच्या भोवती कोणते गैरसमज वाढले आहेत आणि आपल्या चळवळीचा त्याच्याशी काय संबंध, याचा विचार आज करू या.

या छंदात आनंद आहे आणि तो फुकटात मिळणारा आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. पाकिटाचा तुकडा वाटीभर पाण्यात टाकावा, डिंक सुटला की तिकीट अलगद सोडवावे, रद्दी कागदावर पालथे घालून सुकवावे आणि मग वहीत लावावे. एवढ्याशा उद्योगात लहान मुलाला जगाचा भूगोल समजू लागतो. 'हेल्वेशिया' असे छापले असेल तर तो देश स्वित्झर्लंड आणि 'मग्यार पोस्टा' असेल तर हंगेरी, हे त्याला कळते. ज्या तिकिटावर देशाचे नावच नाही ते इंग्लंडचे, कारण तिकिटाची पद्धत त्यांनी सुरू केली म्हणून नाव छापण्याची गरज त्यांना वाटली नाही, हेही त्याला कळते. ज्या मुलाच्या घरी नकाशा नाही त्याला तिकिटांची वही नकाशाचे काम देते.

आंबेडकरी माणसाला या छंदात आणखी एक आनंद आहे. तिकिटे तारखेप्रमाणे ओळीने लावली की त्यातून देशाचा इतिहास वाचता येतो. २४ मे १९५६ रोजी भारत सरकारने २५०० व्या बुद्ध जयंतीनिमित्त दोन आण्यांचे आणि चौदा आण्यांचे अशी दोन तिकिटे काढली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात परमपूज्य बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. बाबासाहेबांचे पहिले तिकीट निघाले १४ एप्रिल १९६६ रोजी, किंमत १५ पैसे. दुसरे १४ एप्रिल १९७३ रोजी, २० पैशांचे. जन्मशताब्दीला १९९१ मध्ये एक रुपयाचे आले. २००१ मध्ये ३ रुपयांचे आणि २००९ मध्ये २ रुपयांचे आले, ते रोजच्या वापरासाठी. २०१५ मध्ये बाबासाहेब आणि भारतीय संविधान या विषयावरचे तिकीट निघाले.

यातला एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. स्मारक तिकीट एकदाच छापतात आणि साठा संपला की ते संपते. नित्य वापराचे तिकीट मात्र पुन्हा पुन्हा छापले जाते आणि खेड्यातल्या शाखा डाकघरापर्यंत पोहोचते. २००१ च्या तिकिटामुळे बाबासाहेब रोजच्या टपालात आले. ज्याला चळवळीशी काही देणेघेणे नव्हते, त्यालाही आपल्या पाकिटावर त्यांची तसबीर लावावी लागली. स्मारक तिकिटाचा समारंभ मोठा असतो, पण आमच्या मते नित्य तिकिटाचे मोल अधिक आहे.

आता आपल्या इतर महापुरुषांकडे पाहा. महात्मा जोतीराव फुले यांचे निधन १८९० साली झाले. त्यांचे तिकीट २८ नोव्हेंबर १९७७ रोजी, म्हणजे ८७ वर्षांनी, त्यांच्या स्मृतिदिनी निघाले. सावित्रीमाई १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करताना गेल्या आणि त्यांचे तिकीट १० मार्च १९९८ रोजी आले. मध्ये १०१ वर्षे गेली! राजर्षी शाहू महाराजांना १९७९ साल उजाडावे लागले. वऱ्हाडच्याच मातीतले संत गाडगेबाबा १९५६ मध्ये गेले, त्यांचे तिकीट १९९८ मध्ये आले. अण्णाभाऊ साठे आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाड हे दोघे २००२ मध्ये तिकिटावर आले, तर कामगार चळवळीचे जनक नारायण मेघाजी लोखंडे २००५ मध्ये. या तारखा शेजारीशेजारी ठेवल्या म्हणजे कोणाची आठवण या देशाला किती उशिरा झाली, हे कोणाच्या भाषणाशिवाय समजते. तिकिटे काही आपोआप निघत नाहीत. त्यासाठी निवेदने द्यावी लागतात, पाठपुरावा करावा लागतो, मागणी करणारा समाज जागा असावा लागतो. उशिराच्या या तारखा आपल्या जागे होण्याच्याही तारखा आहेत.

इथपर्यंत आनंदाची बाजू झाली. आता गैरसमजांकडे वळू.

पहिला आणि सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे जुने तिकीट म्हणजे घबाड. जगातले पहिले तिकीट 'पेनी ब्लॅक' ६ मे १८४० पासून इंग्लंडमध्ये चालू झाले. ते जगात सर्वांत जुने आहे, पण सर्वांत महाग नाही. कारण साधे आहे, ते सुमारे ६ कोटी ८० लाख छापले गेले होते आणि आजही बाजारात मिळते. याउलट १९४८ मधले गांधीजींचे दहा रुपयांचे तिकीट पाहा. गव्हर्नर जनरलच्या वापरासाठी त्यातल्या शंभरेक तिकिटांवर 'सर्व्हिस' असे छापले गेले. त्यातल्या चार तिकिटांची पट्टी २०१७ मध्ये पाच लाख पौंडांना विकली गेली. म्हणजे किंमत वयावर ठरत नाही. किती छापले, किती उरले, कोणत्या अवस्थेत उरले आणि मागणारे किती आहेत, यावर ती ठरते. बाबासाहेबांचे १९६६ चे तिकीट लाखांच्या संख्येने छापले गेले. ते आपल्याला प्रिय आहे, पण ते विकून कोणाच्या मुलीचे लग्न होणार नाही.

हे स्पष्ट सांगण्याचे कारण आहे. 'बाबासाहेबांचे जुने तिकीट द्या, लाख रुपये घ्या', 'शताब्दीचे एक रुपयाचे नाणे द्या, घर बांधा' असे निरोप मोबाईलवर फिरत असतात. आधी नोंदणीचे पैसे भरा, मग कराचे भरा, असे करत गरिबाचेच खिसे कापले जातात. जुन्या नोटा-नाणी विकत घेण्याच्या नावाखाली चालणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. ज्या समाजाच्या हाती आता कुठे चार पैसे येऊ लागले आहेत, त्याने आपल्या महामानवाच्या नावावर लुटले जावे, यापेक्षा वाईट काय असेल? तिकीट विकत घेणारा कधी आधी पैसे मागत नाही, एवढी खूणगाठ बांधून ठेवावी.

दुसरा गैरसमज चुकीच्या छपाईचा. चुकीचे तिकीट म्हणजे हमखास दुर्मीळ, असे मानले जाते. याचे उत्तर एका बौद्ध तिकिटातच आहे. १५ ऑगस्ट १९४९ रोजी स्वतंत्र भारताने प्राचीन शिल्पांची मालिका काढली. त्यात अजिंठा होते, सांची होते, बुद्धगयेचे मंदिर होते आणि एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्व होता. पण छापताना चित्र उलटले. मूळ मूर्तीत ज्या बाजूचा हात पुढे आहे, तो तिकिटावर दुसऱ्या बाजूला गेला. १५ जुलै १९५० रोजी चूक सुधारून नवे तिकीट काढले गेले. चुकीचे तिकीट मात्र जवळपास वर्षभर देशभर विकले जात होते, म्हणून चूक असूनही ते दुर्मीळ नाही. दोन्ही तिकिटे शेजारी लावून मुलाला 'यातला फरक शोध' म्हणावे, यात जी मजा आहे तीच त्यांची खरी किंमत.

तिसरा गैरसमज अलीकडचा आहे. 'आमच्या नेत्याचे टपाल तिकीट निघाले' अशा फलकांखाली फटाके वाजतात. २०११ मध्ये टपाल खात्याने 'माय स्टॅम्प' नावाची योजना आणली. ३०० रुपये भरले की १२ तिकिटांच्या एका पानावर आपल्या आवडीचा फोटो छापून मिळतो. ते तिकीट पाकिटाला चालते, वाढदिवसाला द्यायलाही छान आहे. पण ते सरकारने त्या व्यक्तीच्या सन्मानार्थ काढलेले तिकीट नव्हे. आपल्या यवतमाळचे जवाहरलाल दर्डा यांचे तिकीट २००५ मध्ये निघाले, ते स्मारक तिकीट होते. हा भेद ओळखता आला पाहिजे, नाहीतर खऱ्या मागणीची धारही बोथट होते.

चौथी गोष्ट भावनेची आहे. बाबासाहेबांच्या चेहऱ्यावर शिक्का पडतो, तो अपमान आहे, असे काहींना वाटते. तिकिटाला जिभेने ओले करणेही काहींना रुचत नाही. त्या भावनेचा आम्ही आदर करतो. पण शिक्का हा तिकिटाने आपले काम केल्याची पावती आहे. न वापरलेले तिकीट कोरे आणि देखणे दिसते, वापरलेले तिकीट कुठून निघाले आणि कधी निघाले हे सांगते. ज्या महामानवाने आयुष्यभर विश्रांती घेतली नाही, त्यांचे तिकीट टपालाच्या थैलीत पडून गावोगाव फिरले, यात अपमान कसला?

आणि आता पाचवा गैरसमज, ज्यासाठी हा सगळा लेख आहे. तो असा की तिकीट म्हणजे माल आणि पाकीट म्हणजे टरफल. या समजुतीने आपल्या घराघरांतली जुनी पत्रे कात्रीखाली गेली. तिकिटाचा चौकोन कापून वहीत लावला, उरलेले पाकीट चुलीत गेले. नव्या, सुट्या, साध्या तिकिटांचे असे केले तर बिघडत नाही. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या पाकिटाचे असे करणे म्हणजे स्वतःच्या हाताने साक्षीदार मारणे आहे.

पाकीट काय सांगते ते आपल्याच जिल्ह्याच्या उदाहरणाने पाहू. आज आपण यवतमाळ म्हणतो, पण इंग्रजी अमदानीतले स्पेलिंग 'येओटमल' असे वाचावे असे होते आणि त्याआधी या जिल्ह्याला वणी जिल्हा म्हणत. यवतमाळ हे जिल्ह्याचे नाव १९०५ मध्ये पडले. वऱ्हाड नावाला निजामाचे असले तरी १८५३ पासून कारभार इंग्रजांचा होता, म्हणून इथे इंग्रजांची तिकिटे चालत. पैनगंगा ओलांडून हदगाव, माहूर, किनवटकडे गेले की निजामाचे राज्य आणि निजामाचे स्वतःचे टपाल. त्याच्या तिकिटांवर इंग्रजी, उर्दू, मराठी आणि तेलुगू अशा चार भाषा दिसत. १९३१ च्या मालिकेत आठ आण्यांच्या तिकिटावर तर अजिंठ्याच्या लेण्यांचे प्रवेशद्वार होते. आपल्या माणसांच्या सोयरिकी नदीच्या दोन्ही काठांवर आहेत. एकाच घरातल्या पेटीत दोन राज्यांची पत्रे निघू शकतात. पण तिकीट कापले की ते कुठल्या गावचे होते, हे कायमचे पुसले जाते.

त्याहून बोलके वर्ष म्हणजे १९५६. १४ ऑक्टोबरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतर अठराव्या दिवशी, १ नोव्हेंबरला, यवतमाळ जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला. १ एप्रिल १९५७ पासून आणे गेले आणि नवे पैसे आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. पुढे १९७२ मध्ये पिनकोड आला आणि पत्त्याखाली ४४५००१ लिहिले जाऊ लागले. म्हणजे चार वर्षांच्या आत एकाच माणसाचे राज्य बदलले, नाणे बदलले आणि धर्मही बदलला. या चार वर्षांतली पाच-सहा पाकिटे कोणाच्या घरी असतील तर ती ओळीने मांडून पाहावीत. ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा शिक्का असलेले एखादे कार्ड सापडले, तर ते घरच्या तसबिरीइतकेच जपावे. आमच्या आजोबांनी आणि आज्ज्यांनी मिळेल त्या वाहनाने आणि पायी नागपूर गाठले, हे आपण ऐकत आलो. त्याचा लेखी पुरावा अशा एखाद्या साध्या कार्डावर असू शकतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पत्ता. जुन्या पाकिटावर नावाखाली 'महारवाडा' लिहिलेले असते, कुठे 'हरिजन वस्ती' असते. पुढच्या वर्षांच्या पाकिटावर 'बौद्धवाडा', 'भीमनगर', 'आंबेडकर नगर' येते. जातीचे नाव पत्त्यातच असल्याने पत्र देणाऱ्यालाही जात आधी कळे. वस्तीत पाय न ठेवता वेशीवरून हाक मारून पत्र देणारे टपालवाले आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहेत. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय योग्यच आहे. पण उद्या कोणी म्हणेल की अशी नावे नव्हतीच, जातीचा त्रास ही तुमची कल्पना आहे, तेव्हा दाखवायचे काय? शिक्क्यासह, तारखेसह, सरकारी टपालातून आलेला तो पत्ता दाखवायचा.

पत्राच्या माथ्यावर काय लिहिले आहे तेही पाहावे. इतर घरांतून पत्राच्या आरंभी 'श्री' लिहीत. आपल्या लोकांनी तिथे 'जय भीम' लिहायला सुरुवात केली, 'नमो बुद्धाय' लिहिले. बंद पाकिटात लिहिणे वेगळे. पोस्टकार्ड उघडे असते, ते डाकघरात वाचले जाते, पाटलाच्या ओट्यावर वाचले जाते. त्या काळी उघड्या कार्डावर ठळक अक्षरात 'जय भीम' लिहिणे ही लहान गोष्ट नव्हती. १९७८ ते १९९४ या नामांतर लढ्याच्या सोळा वर्षांतले पत्र सापडले, तर लिहिणाऱ्याने पत्त्यात विद्यापीठाचे नाव काय लिहिले ते आधी बघावे. गिरणीतून, कागद कारखान्यातून, कोळशाच्या खाणीतून घरी येणाऱ्या मनीऑर्डरीचे कुपनही असेच आहे. दोन बोटांच्या जागेत 'मुलाला शाळेत घाला' असे लिहिलेले असते. जुन्या पद्धतीची मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली, तार २०१३ मध्ये बंद झाली. हे कागद आता पुन्हा तयार होणार नाहीत.

आत्महत्याग्रस्त म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात, बेकारीच्या काळात, कसली पाकिटे जपता, असा प्रश्न कोणी विचारेल. त्याला आमचे उत्तर असे. कागदाची किंमत आपल्या समाजाला जात पडताळणीने चांगलीच शिकवली आहे. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा आणा म्हटले की खेड्यातला बाप शाळेचे दाखले शोधत वणवण करतो. पाकिटाने पडताळणी होईलच असे आम्ही म्हणत नाही, पण जुना कागद फेकणारा समाज पुढे दारोदार हिंडतो, हे आपण अनुभवलेले आहे. बाबासाहेबांची हस्तलिखिते वर्षानुवर्षे पेट्यांमध्ये बंद होती. वसंत मून यांच्यासारख्यांच्या चिकाटीने १९७९ मध्ये शासनाचा पहिला खंड बाहेर आला. बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना लिहिलेली पत्रे आज आपण वाचतो, कारण ती जपून ठेवली गेली. मोठ्या नेत्यांची पत्रे जपली गेली, मग सामान्य भीमसैनिकाची कोण जपणार?

त्यासाठी फार पैसा लागत नाही. पाकिटातले पत्र आणि पाकीट सोबत ठेवावे. त्याला लॅमिनेशन करू नये, चिकटपट्टी लावू नये, त्यावर पेनाने काही लिहू नये. साध्या कागदाच्या घडीत ठेवून, कोणाचे, कोठून आले आणि कोणी दिले, हे वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहावे. पावसाळ्यात ओल लागू देऊ नये, कसर आणि वाळवी यांच्यापासून सांभाळावे. प्रत्येक बुद्धविहारात एक कपाट यासाठी राखावे. घरच्यांची संमती असेल तेच पत्र तिथे ठेवावे, कारण पत्रात घरातले दुखणेही असते. बाकी मोबाईलने फोटो काढून मूळ कागद घरी ठेवला तरी चालेल.

मुलांना हा छंद जरूर लावावा. प्रधान डाकघरात २०० रुपये भरून संग्राहकाचे खाते उघडता येते आणि नवी तिकिटे घरपोच येतात. टपाल खात्याने २०१७ मध्ये दीनदयाळ स्पर्श योजना सुरू केली. तिच्यात सहावी ते नववीच्या तिकीट संग्राहक विद्यार्थ्यांना वर्षाला ६००० रुपयांची शिष्यवृत्ती ठेवली आहे आणि गुणांच्या अटीत अनुसूचित जाती-जमातीला सवलत आहे. आपल्या जिल्ह्यातील किती मुलांच्या पालकांना हे ठाऊक आहे? विहारातल्या शिकवणी वर्गात हे सांगण्याची जबाबदारी शिक्षक बांधवांनी घ्यावी आणि चालू वर्षाच्या अटी डाकघरात विचारून घ्याव्यात.

येत्या वर्षावासात ग्रंथवाचनासाठी आपण विहारात जमणारच आहोत. त्यातला एक रविवार या कामाला द्यावा. प्रत्येक घराने आपल्या पेटीतले एक जुने पत्र आणावे, पत्ता मोठ्याने वाचावा आणि ज्या ज्येष्ठांना तो काळ आठवतो त्यांनी चार शब्द सांगावेत. ते चार शब्द त्याच चिठ्ठीवर उतरवून ठेवावेत. मात्र घरून निघताना कात्री घरीच ठेवावी.

जय भीम!